मुलीला पाळी आली नाही तर

(महिला संघाच्या मेळाव्यात झालेल्या भाषणाचा मजकूर. अनेक बहिणींनी मागणी केल्यावरून येथे छापत आहोत.)



आदरणीय पाळकसाहेब, महिला संघाच्या माझ्या बहिणींनो आणि मागच्या बाकांवर बसलेल्या बंधूंनो, आजचा विषय मुलींच्या पाळीचा आहे. हे ऐकून दोन-तीन भाऊ चहाच्या मंडपाकडे निघाले होते. त्यांना मी हात जोडून परत बसवले आहे. मुलीला दवाखान्यात न्यायचे की नाही, हे अजून पुष्कळ घरांत वडील किंवा मोठा भाऊ ठरवतो. एसटीच्या भाड्याचे पैसेही त्याच्याच खिशात असतात. तेव्हा हे त्यांनीही ऐकायला हवे.

पाळीबद्दल आपण आता थोडेफार बोलू लागलो आहोत. पॅड, कापड, स्वच्छता, रक्तवाढीच्या गोळ्या यांवर वसतिगृहांतून बैठका होतात. पण पाळी आलीच नाही तर काय, यावर कोणी बोलत नाही. खेड्यापाड्यांत ही गोष्ट लपतही नाही. ज्या घरात पाळीच्या दिवसांत बाई चुलीपासून लांब बसते, तिथे कोण बसली आणि कोण बसली नाही हे सगळ्यांना दिसते. गडचिरोलीकडे माडिया समाजाच्या गावांत त्या दिवसांसाठी वेगळी झोपडी असते, तिला कुर्माघर म्हणतात. एखादी मुलगी महिनोन्महिने तिकडे गेली नाही, तर साऱ्या गावाला कळते.

मग लोकांकडून तीन उत्तरे येतात. पहिले, "हिला बाहेरचे लागले आहे, भगताकडे न्या." दुसरे, "पोरीने काहीतरी करून ठेवले आहे." तिसरे, "लग्न लावून टाका, आपोआप सुरू होईल." पहिल्या उत्तरात कोंबडे-बकरे जाते आणि वर्ष वाया जाते. दुसऱ्यात मुलीची अब्रू जाते. तिसऱ्यात तिचे आयुष्य जाते, कारण पाळी लग्नानेही सुरू होत नाही आणि दोन वर्षांनी तीच मुलगी "वांझ" म्हणून माहेरी परत येते.

आज मला एवढेच सांगायचे आहे की पाळी न येणे हा शरीराने पाठवलेला निरोप आहे. तो आपण वाचायचा आहे. त्या मुलीवर त्याचा आरोप ठेवायचा नाही.

मार्काच्या शुभवर्तमानाचा पाचवा अध्याय आपल्या सर्वांच्या ओळखीचा आहे. एक बाई 12 वर्षे रक्तस्रावाने आजारी होती, वैद्यांवर तिचा सगळा पैसा संपला होता. आणि याईराची मुलगी 12 वर्षांची होती, म्हणजे नेमकी वयात येण्याच्या उंबरठ्यावर. प्रभूने गर्दीत थांबून त्या बाईचे ऐकून घेतले आणि तिला मुलगी म्हणून हाक मारली. नियमशास्त्राप्रमाणे ती अशुद्ध होती, तरी तिला दूर लोटले नाही. पुढे याईराची मुलगी उठली, तेव्हा तिला काही खायला द्या असे त्याने घरच्यांना सांगितले. ऐकून घेणे आणि खायला देणे, ही दोन कामे लक्षात ठेवा. पुढे त्यांची गरज लागेल.

मुलगी वयात कशी येते

कोणी न्हाण आले म्हणते, कोणी पदर आला, कोणी शहाणी झाली म्हणते. आपल्याला वाटते की हे एका दिवसात होते. खरे तर पाळी हा त्या प्रवासाचा जवळजवळ शेवटचा टप्पा आहे. प्रवास दोन-तीन वर्षे आधीच सुरू झालेला असतो.

साधारणपणे 8 ते 13 वर्षांच्या दरम्यान छातीवर, बहुधा एका बाजूला आधी, छोटी गाठ येते. ती दुखते, आणि आई घाबरून विचारते, "ताई, ही कसली गाठ?" ती स्तनाची सुरुवात असते. त्याच्या आसपास काखेत आणि जांघेत केस येऊ लागतात. मुलगी भराभर उंच होते, फ्रॉक आखूड पडतो. पुढे पांढरे पाणी जाऊ लागते. त्याला वास नसेल आणि खाज नसेल तर ते आजाराचे लक्षण नाही. छाती भरायला लागल्यापासून साधारण दोन ते तीन वर्षांत पहिली पाळी येते. बहुतेक मुलींना ती 12-13 व्या वर्षी येते. कोणाला 10 व्या वर्षी येते, कोणाला 15 व्या. आईला उशिरा आली असेल तर मुलीलाही उशिरा येऊ शकते.

पहिली दोन वर्षे पाळी घड्याळासारखी येत नाही. कधी तीन आठवड्यांनी, कधी दीड महिन्याने येते. शरीर अजून शिकत असते. एवढ्यावरून औषध सुरू करू नये.

आणखी एक गोष्ट वडिलांसाठी. पाळी आली म्हणजे मुलगी लग्नाला किंवा बाळंतपणाला तयार झाली, असे होत नाही. त्यानंतरही तिची उंची काही सेंटिमीटर वाढायची असते, कंबरेचे हाड रुंद व्हायचे असते. कायदाही 18 वर्षे पूर्ण झाल्याशिवाय मुलीच्या लग्नाला परवानगी देत नाही.

निरोप कुठे अडतो

हा सगळा बदल कोण घडवतो? आपल्या रक्तातून फिरणारी संप्रेरके, ज्यांना आपण हार्मोन म्हणतो. सरकारी हुकुमासारखे त्यांचे काम चालते. जिल्ह्याहून हुकूम निघतो, तालुक्याला येतो, तिथून ग्रामपंचायतीत पोहोचतो, मग गावात काम होते. मेंदूच्या तळाशी एक छोटा भाग आहे, तो जिल्हा. त्याच्या खाली वाटाण्याएवढी पियुषिका ग्रंथी आहे, तो तालुका. ओटीपोटातले दोन बीजकोश ही ग्रामपंचायत. आणि गर्भाशय, ज्याला आपण पिशवी म्हणतो, ते गाव. मेंदू ठरावीक अंतराने निरोप सोडतो, पियुषिका तो बीजकोशांना कळवते, बीजकोश इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन तयार करतात, पिशवीचे अस्तर वाढते आणि गर्भ राहिला नाही तर ते गळून पडते. तीच पाळी. निरोप या वाटेवर कुठेही अडला तर पाळी येत नाही. म्हणून डॉक्टरांचा पहिला प्रश्न असतो, निरोप कुठे अडला?

कोणतीही तपासणी करण्याआधी डॉक्टर गर्भाची चाचणी करतात. ती प्रत्येकीचीच होते, त्यात संशय नसतो. चुकून गर्भ असेल आणि औषध दिले गेले तर दोघांना धोका असतो. आणि 18 च्या आतली मुलगी गरोदर निघालीच, तर तिला मार देऊ नका. तिच्यावर अत्याचार झालेला असू शकतो. तिला आधी दवाखाना आणि संरक्षण हवे. 2012 चा पॉक्सो कायदा तिच्यासाठीच आहे.

*जिल्ह्यातच अडलेला निरोप.* आपल्या भागात हे कारण फार आढळते. शरीराला अन्न कमी आणि कष्ट जास्त झाले, की मेंदू ठरवतो, आता पोट भरणे महत्त्वाचे, बाकीचे थांबवा. मग तो निरोप सोडणेच कमी करतो. दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत गेलेल्या कुटुंबांत मी हे पाहिले आहे. मोळ्या वाहायच्या, पहाटे उठायचे, आणि पुरुषांचे जेवण झाल्यावर उरेल ते खायचे. अशा एका 16 वर्षांच्या मुलीचे वजन 34 किलो होते आणि पाळी आलीच नव्हती. घरी दोन बकरे कापून झाले होते. दवाखान्यात तपासणी झाली, दुसरा आजार निघाला नाही. ती वसतिगृहात राहिली, दोन वेळा डाळ-भात-भाकरी, अंडे, शेंगदाणे, शेवग्याची भाजी पोटात गेली, वजन वाढले आणि काही महिन्यांनी पाळी आली. तिचे मुख्य औषध ताटात होते. याईराच्या घरच्यांना प्रभूने काय सांगितले ते आठवा.

मोठा धक्का, सततची भीती, क्षयासारखा दीर्घ आजार यांनीही हा निरोप थांबतो. सिकलसेल असलेल्या मुलींची वाढ आणि पाळी पुष्कळदा एक-दोन वर्षे मागे पडते. भिल्ल, पावरा, गोंड अशा आपल्या अनेक समाजांत सिकलसेल आहे, म्हणून उशीर झालेल्या मुलीची ही तपासणी जरूर करावी. केंद्र सरकारने 1 जुलै 2023 रोजी सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू केली आहे, आणि सरकारी दवाखान्यात ही तपासणी होते.

*तालुक्यात अडलेला निरोप.* पियुषिका ग्रंथी प्रोलॅक्टिन नावाचे हार्मोन तयार करते. बाळंतिणीला दूध यावे म्हणून ते असते, आणि म्हणूनच अंगावर पाजणाऱ्या आईला काही महिने पाळी येत नाही. पण मूल नसताना ते वाढले, तर पाळी थांबते आणि काहींच्या छातीतून दूध येते. अविवाहित मुलीला असे झाले की गाव काय बोलत असेल ते मी सांगायला नको. कारण मात्र पियुषिकेवरची लहान गाठ असते किंवा काही औषधे असतात. उलटी थांबवण्याच्या आणि मानसिक आजाराच्या काही गोळ्यांनी असे होते. ही गाठ सहसा कर्करोगाची नसते आणि बहुतेकींना गोळ्यांनीच गुण येतो. पाळी नाही, सोबत डोके दुखते आणि नजर कमी झाली, तर मात्र थांबू नका.

इथेच आयांबद्दलही सांगते. बाळंतपणात फार रक्त गेले की पियुषिकेचा रक्तपुरवठा तुटून ती निकामी होऊ शकते. शीहान या ब्रिटिश डॉक्टरांनी 1937 मध्ये हे नीट मांडले, म्हणून त्या आजाराला त्यांचे नाव आहे. अशा बाईला दूध येत नाही, पाळी परत येत नाही, काखेतले केस गळतात, ती थकते, थंडी वाजते, चक्कर येते. लोक म्हणतात आळशी झाली, नजर लागली. तिला आयुष्यभर गोळ्या लागतात, पण त्या घेऊन ती चांगली जगते. गोळ्या मिळाल्या नाहीत तर साध्या तापातही जीव जाऊ शकतो. घरी बाळंत झालेल्या, खूप रक्त गेलेल्या बाईला पुढे पाळीच आली नाही, तर हे डॉक्टरांना आठवणीने सांगा.

*शेजारच्या कचेरीतला गोंधळ.* गळ्यातली थायरॉइड ग्रंथी मंदावली तरी पाळी बिघडते. अंग जड होते, सूज येते, शौचाला साफ होत नाही, मुलगी वर्गात झोपाळू दिसते. एका रक्ततपासणीत हे कळते आणि गोळी स्वस्त आहे.

*ग्रामपंचायतीत अडलेला निरोप.* आजकाल पीसीओडी हा शब्द सगळ्यांच्या तोंडी आहे. यात बीजकोश पुरुषी हार्मोन जास्त तयार करतात, बीज वेळेवर सुटत नाही. पाळी दोन-तीन महिन्यांनी येते, तोंडावर पुटकुळ्या येतात, हनुवटीवर केस येतात, वजन वाढते. सडपातळ मुलींनाही हे होऊ शकते. पण नुसत्या सोनोग्राफीत ठिपके दिसले म्हणून पीसीओडी म्हणू नये, कारण या वयात ते निरोगी मुलींतही दिसतात. उपाय म्हणजे वजन आटोक्यात ठेवणे, अंगमेहनत आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळ्या. ओठावर केस आहेत म्हणून मुलीला हसू नका.

काही मुलींचे बीजकोश जन्मापासूनच नीट तयार झालेले नसतात. टर्नर हा त्यातला एक प्रकार आहे. साधारण 2,000 ते 2,500 मुलींच्या जन्मामागे एकीला तो असतो. मुलगी बुटकी राहते, छाती भरत नाही, पाळी येत नाही. इथे मेंदू आणि पियुषिका मोठ्याने हाका मारतात, पण खालून उत्तर येत नाही. रक्तात एफएसएच हे हार्मोन फार वाढलेले दिसते, त्यावरून डॉक्टर हे ओळखतात. निरोप वरच अडला असेल तर ते वाढत नाही. एका तपासणीतून निरोप वर अडला की खाली, हे कळते ते असे.

*रस्ताच बंद.* हे हार्मोनचे कारण नाही, तरी सांगते. मुलगी वयात आली आहे, दर महिन्याला पोटात कळा येतात, पण रक्त दिसत नाही. बाहेरचा पडदा बंद असला तर रक्त आत साठते. छोट्या शस्त्रक्रियेने ती बरी होते. पोटदुखीला भगत कितीही झाडून काढो, तो पडदा उघडत नाही.

हे आकडे लिहून घ्या

13 वर्षे पूर्ण झाली आणि छातीची वाढ सुरूच झाली नाही, तर दाखवा. 15 वर्षे पूर्ण झाली आणि पाळी आली नाही, तर दाखवा. छाती भरायला लागून 3 वर्षे झाली आणि पाळी नाही, तरी दाखवा. एकदा सुरू झालेली पाळी 90 दिवस आली नाही, तर दाखवा. आणि 8 वर्षांच्या आत छाती वाढू लागली, तरीही दाखवा.

"येईल उशिरा, घाई काय?" असे आजी म्हणते. घाई हाडांसाठी आहे. इस्ट्रोजेन हाडे भरते, आणि हाडांचा साठा याच वयात तयार होतो. वर्षानुवर्षे इस्ट्रोजेन नसेल तर हाडे पोकळ राहतात, आणि तरुणपणीच मोडतात.

मेडिकलमधून परस्पर "पाळीची गोळी" आणू नका. त्या गोळीने चार दिवस रक्त जाईल, घरच्यांना वाटेल काम झाले. पण निरोप जिथे अडला आहे तिथेच राहील. अंतरा इंजेक्शन घेणाऱ्या विवाहित बहिणींना मात्र पाळी थांबणे हा त्या इंजेक्शनचाच परिणाम असू शकतो. घाण रक्त आत साठत नाही, घाबरू नका.

दवाखान्यात काय करतात? उंची-वजन, प्रश्न, रक्त, आणि पोटावरून सोनोग्राफी. अविवाहित मुलीची आतून तपासणी सहसा करावी लागत नाही. आई किंवा ताई सोबत राहू शकते. शाळा आणि आश्रमशाळांत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक तपासणीला येते, त्यांना मुलीचे नाव द्या. तालुक्याच्या रुग्णालयात 10 ते 19 वर्षांच्या मुलामुलींसाठी सल्ल्याची सोय असते. वाट ठाऊक नसेल तर आधी आशाताईला विचारा.

जिला पाळी कधीच येणार नाही

काही मुलींना सगळे उपचार करूनही पाळी येणार नाही. कोणाची पिशवीच जन्मतः नसते, कोणाचे बीजकोश चालत नाहीत. गोळ्यांनी हाडे सांभाळता येतात, अंग भरते, पण मूल होईलच असे नाही. अशा मुलीचे आपल्या मंडळीत स्थान काय?

हा प्रश्न डॉक्टरांचा नाही, आपला आहे. देवाने स्त्रीला आपल्या प्रतिरूपाप्रमाणे निर्माण केले, असे आपण उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायापासून मानतो. त्या प्रतिरूपाला पाळीची अट लावलेली नाही. ती मुलगी पूर्ण आहे. ती शिकेल, नर्स होईल, संडे स्कूल घेईल, घर चालवेल. लग्न ठरवायचे असेल तर खरे सांगून ठरवा. लपवलेली गोष्ट तिच्याच अंगावर उलटते. आणि बारशाला, हळदीला तिला मागे उभे करू नका. मंडळीतच तसे झाले तर ती कुठे जाईल?

आपण काय करायचे

पाळकसाहेबांना विनंती आहे की लग्नाची नोंद करताना वयाचा दाखला पाहावा. बालविवाह होत असल्याचे कळले तर 1098 वर फोन करावा. महिला संघाने प्रत्येक पाड्यावर एक ताई नेमावी, जिच्याकडे मुली मोकळेपणाने बोलतील. त्या ताईने ऐकलेले दुसऱ्या घरी सांगायचे नाही, प्रार्थनेच्या विनंतीच्या नावाखालीही नाही. आयांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर मुलीच्या पाळीची तारीख खूण करून ठेवावी आणि तिच्या ताटात भावाइतकेच वाढावे. बंधूंनी तपासणीच्या दिवसाची मजुरी सोडून मुलीसोबत यावे. आणि आपल्या कार्याला देणगी देणाऱ्या मित्रांना सांगते, पॅडची पाकिटे जरूर द्या, पण सोबत एखाद्या मुलीच्या तालुक्यापर्यंतच्या भाड्याचे आणि रक्ततपासणीचेही द्या. पुष्कळदा उपचार तेवढ्यावर अडलेला असतो.

प्रभू गर्दीत एका बाईसाठी थांबला, तेव्हा याईराला उशीर होत होता, तरी तो थांबला. आपल्या पाड्यावर कोणाची मुलगी 15 ची झाली आहे आणि गप्प आहे, हे या आठवड्यात शोधा. तिच्याजवळ बसा आणि तिचे ऐका. मग तिला घेऊन दवाखान्यात जा.

प्रभू आपणा सर्वांस आशीर्वादित करो. आमेन.